उंच, ठळक, अरुंद: मथळ्याच्या टाइपामागचा इतिहास

2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि पाच अक्षरांच्या जागी दहा अक्षरे आली. एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड, वर्तमानपत्राचा कॉलम यांची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. अशा वेळी पेंटर अक्षर उंच आणि अरुंद करतो. छपाईत ही गरज जवळपास दोनशे वर्षे जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्म्यात मुद्रक बोडोनीने आणि पॅरिसात दिदो या मुद्रक घराण्याने जाड उभे दांडे, अतिशय बारीक आडव्या रेघा आणि टोकांना नाजूक सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या रेघा, असलेला रोमन टाइप घडवला. तो पुस्तकांसाठी होता. पुढे लंडनमध्ये जाहिराती वाढल्या, तेव्हा रॉबर्ट थॉर्नसारख्या टाइप ओतणाऱ्यांनी तेच दांडे फुगवले. जाड अक्षर जागा खाते, म्हणून त्याची अरुंद रूपे निघाली. धातूचे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जड आणि महाग पडत. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने 1828 मध्ये लाकडी टाइपाचे नमुनापुस्तक काढले आणि 1834 मध्ये लेव्हनवर्थने लाकूड कापणीच्या यंत्राला पँटोग्राफ, म्हणजे नमुन्याची लहान-मोठी नक्कल काढणारे साधन, जोडला. भिंतीवरची भली मोठी अक्षरे त्यामुळे स्वस्त झाली. जाड-बारीक अक्षरांच्या या परंपरेचे ठळक विसाव्या शतकातले अपत्य म्हणजे 1937 चा ऑनिक्स हा टाइप. मथळा, पोस्टर, मासिकाचे नाव इथे तो शोभतो. लहान मापात मात्र बारीक रेघा कागदावर हरवतात. मजकुरासाठी तो वापरूच नये.

मराठवाड्याची वाट वेगळी. निजामी राज्यात राजभाषा उर्दू होती आणि उर्दूची छपाई बहुतेक शिळाछापावर (दगडावरून होणाऱ्या छपाईत), कातिबाच्या म्हणजे सुलेखनकाराच्या हस्ताक्षरातून होई. मराठी खिळ्यांचे जग मुंबई-पुण्याकडे, जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत होते. 1948 नंतर चित्र पालटले. अनंत भालेरावांचे ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र लोकांचा आवाज बनले आणि 1982 मध्ये ‘लोकमत’ची आवृत्ती इथे सुरू झाली. दैनिक आले की मथळा आला, आणि मथळ्याबरोबर जागेची ओढाताण.

देवनागरीत ती जास्त जाणवते. बोरूच्या तिरक्या टोकातून येणारा जाड-बारीकपणा रोमनच्या उलट दिशेने कलतो, आणि अक्षराला खाली सेरिफचे पायही नाहीत. ‘अतिवृष्टीग्रस्त’ शब्द घ्या. वर वेलांट्या, खाली ऋकार, मध्ये जोडाक्षरे, आणि हे सगळे शिरोरेषेच्या वर-खाली मावायला हवे. संगणकावर हाच शब्द बाजूंनी दाबला तर उभे दांडे किडकिडीत होतात, शिरोरेषा मात्र पूर्वीइतकीच जाड राहते. ‘ष्ट’ची पोकळी बुजते. फ्लेक्सवर हे रोज दिसते आणि मला ते मनापासून खटकते, कारण दूरच्या वाचकाला शब्दाचा आकारच मिळत नाही. अरुंद अक्षर अरुंद म्हणूनच रेखाटावे लागते: दांड्याची जाडी राखून आतली पोकळी मोजून कमी करायची.

2014 च्या सुमारास असे काम जोमाने सुरू झाले. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ अरुंद मथळ्यांसाठी आले, तर ‘रोझा वन’ने जाड-बारीकचा टोकाचा फरक देवनागरीत आणला. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘अनेक’ या टाइपात 2022 पासून अक्षराची रुंदीच कमी-जास्त करता येते. मात्र ‘तेको’, ‘अनेक’ यांच्या रेघा साधारण एकसारख्या जाडीच्या आहेत, आणि ‘रोझा वन’ ऐसपैस जागा घेतो. ऑनिक्ससारखा एकाच वेळी ठळक, अरुंद आणि जाड-बारीक देवनागरी टाइप मराठी मथळ्यांत माझ्या तरी क्वचितच पाहण्यात येतो.