घरी राऊटर टेबल करताय? सामान घ्यायच्या आधी एवढं वाचा

राऊटर, म्हणजे फिरत्या बिटानं (पात्यानं) लाकडात खाच पाडायचं मशीन, नेलेलं गिऱ्हाईक थोड्या दिवसांनी परत येऊन विचारतंच, की हा टेबलात उलटा बसवता येतो का, आणि त्यात नुसते मिस्त्री नसतात, सुट्टीत हौस म्हणून देव्हारा नाहीतर फोटोफ्रेम करणारे पण असतात. येतो की. रेडिमेड टेबल आम्ही विकतो, पण घरी केलेलं काही कमी पडत नाही, पैसे कुठं घालायचे अन कुठं वाचवायचे तेवढं कळलं पायजे.

पहिले पैसे स्विचवर घाला. आपल्याकडं लाईट कधी जाईल अन कधी येईल सांगता येत नाही, आणि टेबलाखालच्या राऊटरचं बटण लॉक करूनच ठेवावं लागतं, मग लाईट गेली, तुम्ही भुसा झाडायला बिटजवळ हात नेला आणि तेवढ्यात लाईट आली तर मशीन आपोआप वीस हजार आरपीएमनं फिरायला लागतं. म्हणून एनव्हीआर स्विच, म्हणजे नो व्होल्ट रिलीज. लाईट गेली की हा बंद पडतो आणि हिरवं बटण परत दाबल्याशिवाय चालू होत नाही. टेबलाच्या पुढच्या बाजूला मांडीच्या उंचीवर लावा, दोन्ही हात लाकडावर असले तरी लाल बटण पायानं दाबता येतं. हाफ इंची राऊटर, म्हणजे अर्धा इंच दांड्याचा बिट घेणारा, बहुतेक 1600 वॉटच्या पुढचा असतो, 230 व्होल्टवर सात-आठ अँपिअर ओढतो, त्याला मोबाईल चार्जरवाला 6 अँपिअरचा सॉकेट नको, 16 चा घ्या, अर्थिंग चेक करून. आणि बिट बदलताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिनच काढायची.

वरच्या फळीला 18 मिमीचे दोन प्लाय एकावर एक चिकटवा, 36 मिमी झाली की बास. सनमायका दोन्ही बाजूंनी लावायचा, खालून पैसे वाचवले तर मे महिन्यातली कोरडी हवा अन नंतरची पावसाळ्यातली ओल ह्यात फळी वाकतेच. मधे किंचित फुगवटा असला तर चालतो, खड्डा नको, खड्ड्यावर लाकूड अधांतरी राहतं अन खाच कुठं खोल कुठं उथळ पडते.

राऊटर जिला खालून लटकतो ती फळीतली प्लेट अॅल्युमिनियमची घ्या. अॅक्रिलिक स्वस्त पडतं पण जड राऊटर लटकून लटकून ते मधे खाली येतं. बसवायची सोपी रीत अशी, की प्लेट फळीवर ठेवायची, चारी बाजूंनी तिला चिकटून पट्ट्या टेपनं नाहीतर क्लॅम्पनं पक्क्या करायच्या, मग प्लेट उचलून वर बेअरिंग असलेला बिट त्या पट्ट्यांना टेकवत फिरवायचा, प्लेटच्या जाडीपेक्षा केसभर जास्त खोल. मग आतला भाग जिगसॉनं कापून काढा, पण चारी बाजूंनी 12 मिमीची कड प्लेट टेकायला सोडा. कोपऱ्यांत बारीक स्क्रू मारून प्लेट वर-खाली करत फळीच्या लेव्हलला आणा, बोट फिरवल्यावर कड लागली नाही पायजे.

फेन्सवर, म्हणजे लाकूड टेकवून ढकलायच्या उभ्या पट्टीवर, मात्र पैसे घालू नका, आमच्याकडच्या महागड्या फेन्सवर पण नको. बिट गोल असतो, फेन्स टेबलाच्या कडेला समांतर नसली तरी काही बिघडत नाही, एक टोक बोल्टनं धरायचं, दुसरं सरकवायचं अन क्लॅम्प मारायचा. ती सरळ असावी आणि फळीशी गुण्यात, म्हणजे काटकोनात असावी, एवढंच.

बिट कार्बाईडचेच. किनवटकडचा असो नाहीतर कुठला, सागवानात सिलिका असते, साधी धार लवकर बसते. 6 मिमीच्या कोलेटमध्ये, म्हणजे बिटाचा दांडा धरणाऱ्या पकडीत, पाव इंची बिट ठोकून घालू नका, पाव इंच म्हणजे 6.35. आणि उलटं, पाव इंची कोलेटमध्ये 6 मिमीचा बिट घातला तर तो चालू मशीनमधून निसटतो. बिट तळापर्यंत घालून परत 2-3 मिमी वर ओढायचा, मग पान्यानं आवळायचा. 50 मिमीच्या वरचे मोठे बिट 12 हजार आरपीएमच्या आसपास चालवा, स्पीड कमी-जास्त न होणाऱ्या राऊटरवर ते लावूच नका.

लाकूड उजवीकडून डावीकडं ढकलायचं, म्हणजे बिट त्याला फेन्सकडं दाबून धरतो. बिट अन फेन्सच्या मधून लाकूड कधीच घालायचं नाही, बिट ते हातातून हिसकून फेकतो अन हात सरळ बिटावर जातो. एका फेरीत 3 मिमी पुरे, बाभळीला त्याहून कमी. बारीक पट्टी असेल तर हातानं नाही, काठीनं ढकला. डोळ्याला चष्मा अन एमडीएफ कापताना तोंडाला मास्क, रुमाल बांधून भागत नाही.

प्लेट न्यायला येताना राऊटरचा खालचा काळा बेस चार स्क्रू काढून सोबत आणा, त्याच्यावरूनच भोकं पाडून देतो. मोबाईलवरच्या फोटोवरून भोकं जुळत नाहीत.