वनराखणीचा मोबदला

उष्ण कटिबंधातील जंगलांत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासी समाजांनी ते जंगल तोडू नये, इतरांना तोडू देऊ नये आणि त्याची राखण करावी, यासाठी सरकार, आंतरराष्ट्रीय निधी किंवा कंपन्या करारानुसार जी रक्कम देतात, तिला वनराखणीचा मोबदला म्हणता येईल. जंगलाने साठवलेला कार्बन, धरून ठेवलेले पाणी आणि सांभाळलेली जीवसृष्टी यांचा लाभ दूरच्या लोकांना फुकट मिळतो, तर जंगल न तोडल्याची झळ तिथे राहणाऱ्यालाच सोसावी लागते. हा हिशेब काही अंशी तरी बरोबर करावा, एवढाच या व्यवस्थेचा मूळ हेतू आहे.

या विचाराला राष्ट्रीय योजनेचे रूप प्रथम कोस्टा रिकाने दिले. तेथील 1996 च्या वन कायद्यानुसार इंधनावरील कराचा काही भाग जंगल राखणाऱ्यांकडे वळवण्यात आला आणि आदिवासी प्रदेशांना त्यांच्या विकास संघांमार्फत त्यात सामील होता आले. इक्वाडोरने 2008 मध्ये 20 वर्षांच्या करारांची योजना आणली, तर पेरूने 2010 मध्ये मूळनिवासी समुदायांना राखलेल्या जंगलासाठी हेक्टरी वर्षाला 10 सोल (पेरूचे चलन) देण्याची योजना आणली. ही रक्कम फार थोडी असली, तरी हजारो हेक्टर सामूहिक जंगल असलेल्या गावाच्या हाती त्यातून शाळेच्या किंवा शेतीच्या कामाला पुरेल असे काही पडते.

मोबदल्याने जंगल खरोखर वाचते का, याचा भक्कम पुरावा युगांडातील एका प्रयोगातून मिळाला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या गावांतील खासगी वनमालकांना पैसे देऊ केले होते तिथे दोन वर्षांत वृक्षाच्छादन 4.2 टक्के घटले, तर इतर गावांत ते 9.1 टक्के घटले. ही जमीन मात्र त्या मालकांच्या नावावर होती. आदिवासी प्रदेशांत नेमका जमिनीवरील ताब्याचा हाच प्रश्न अडतो. ब्राझीलमधील सुरुई समाजाने आपले प्रमुख अल्मीर सुरुई यांच्या पुढाकाराने, तोड टाळून जंगलात राखलेल्या कार्बनची श्रेये (कार्बन क्रेडिट) कंपन्यांना विकण्याचा प्रकल्प उभारला आणि 2013 मध्ये त्यातील पहिली विक्रीही झाली. परंतु त्या भूभागात सोने आणि हिरे शोधणाऱ्यांची घुसखोरी वाढत गेली, तोड थांबेना आणि 2018 मध्ये प्रकल्प स्थगित झाला. करार पाळण्याची सुरुई लोकांची तयारी होती. घुसखोरांना बाहेर काढण्याचे बळ एकट्या समाजाकडे असू शकत नाही, ते राज्यसंस्थेनेच पुरवायचे असते.

पैसा वाटेत झिरपतो, हे दुसरे दुखणे आहे. ग्लासगो येथील 2021 च्या हवामान परिषदेत आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी 1.7 अब्ज डॉलर जाहीर झाले, पण पहिल्या वर्षी त्या रकमेपैकी सुमारे 7 टक्केच थेट त्यांच्या संघटनांपर्यंत पोहोचले. 2025 मध्ये ब्राझीलमधील बेलें येथील हवामान परिषदेच्या वेळी सुरू झालेल्या ‘ट्रॉपिकल फॉरेस्ट फॉरएव्हर’ निधीत देशांना मिळणाऱ्या रकमेपैकी किमान 20 टक्के या समुदायांना देण्याची अट आहे, ती याच अनुभवातून आलेली आहे.

भारतात याची वाट वेगळी आहे. वित्त आयोग राज्यांचा वाटा ठरवताना वनाच्छादन जमेस धरतो, परंतु तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, गावाच्या नाही. गावाला बळ दिले ते 2006 च्या वनहक्क कायद्याने. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. हक्क आधी आणि पैसा नंतर, हाच क्रम योग्य आहे. हक्काविना आलेला मोबदला म्हणजे आपल्याच रानात मिळालेली रखवालदाराची मजुरी होय.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न भीमाशंकरच्या परिसरात समोर येतो. 1985 मध्ये घोषित झालेल्या येथील अभयारण्यात आणि त्याच्या भोवती महादेव कोळी समाजाची गावे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळे असतानाच काढलेले औषधी हिरड्याचे फळ अंगणात पसरून वाळवले जाते; हिरवा रंग जाऊन ते काळे, सुरकुतलेले आणि खड्यासारखे टणक झाले की बाळहिरडा विक्रीला तयार होतो. झाड उभे राहिले तर दरवर्षी पैसा आणि तोडले तर एकदाच, हे गणित त्या अंगणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्यातील ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या कामातून येथील हिरडा व बेहडा यांना ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र मिळाले. झाडाला इजा न करता फळ काढण्याचे नियम पाळल्यावर चांगला भाव मिळावा, अशी ही रचना असून मोबदल्याचाच हा एक प्रकार मानावा लागेल.

याच डोंगरांत, आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे आणि इतरत्र, देवराया आहेत. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकाने वाळकी काटकीही न उचलण्याची रीत अनेक ठिकाणी टिकून होती. कार्बनच्या बाजारात मात्र तोडीचा धोका असलेले रान वाचवले तरच सहसा पैसे मिळतात. ज्यांनी मुळात धोकाच उभा राहू दिला नाही त्यांच्या पदरी काहीच पडत नाही, हा या हिशेबातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

यावर तोडगा अगदीच अनोळखी नाही. हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगरपरिषदेने 2010 मध्ये बोहल येथील झऱ्यावरचे जंगल राखण्यासाठी तिथल्या ग्रामवन समितीला वर्षाला 10,000 रुपये देण्याचा करार केला, कारण शहराच्या नळाला येणारे पाणी त्या झऱ्याचे होते. पुणे शहराचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते, आणि त्या धरणांवरचे डोंगर राखणारी गावे शहरापासून दिवसाभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत.