डोळ्याच्या पडद्याचा फोटो: मागची पावणेदोनशे वर्षं

शुगर असलेल्यांना डॉक्टर वर्षातून एकदा ‘पडदा तपासून घ्या’ म्हणतात. थेंब घालायचे, बाहुली मोठी होईपर्यंत बाकावर बसायचं, मग हनुवटी टेकवायची. एक लखलखाट, आणि संगणकावर नारिंगी वर्तुळात लाल फांद्या उमटतात. या दोन मिनिटांच्या फोटोमागे बरीच धडपड आहे.

सुरुवात १८५० ची. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश त्याच वाटेने परत येतो आणि बघणाऱ्याचं डोकं नेमकं त्या वाटेत येतं. जर्मनीच्या हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी तिरप्या काचेवरून दिव्याचा उजेड आत पाठवला आणि त्याच काचेतून आरपार पाहिलं. जिवंत माणसाचा पडदा दिसू लागला. त्याच दशकात व्हिएन्नात एडुआर्ड येगर यांना मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर पिवळसर ठिपके आणि रक्ताचे डाग आढळले. ते मधुमेहामुळेच झाले, हे मात्र त्या काळच्या दिग्गज आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांना पटलं नाही. पुढे १८७२ मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दिला.

तोवर पाहिलेलं टिपून ठेवायचं ते हातानं. येगर यांची चित्रं अप्रतिम होती, पण चित्रकाराला जे महत्त्वाचं वाटतं तेच कागदावर येतं. शिवाय सहा महिन्यांनी डाग वाढला की नाही, हे चित्रावरून कसं ठरवणार? १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो छापला. कॅमेरा रुग्णाच्या डोक्याला बांधलेला आणि एक्स्पोजर अडीच मिनिटांचं! बिचाऱ्यानं डोळा कसा स्थिर ठेवला असेल, कोण जाणे. कारखान्यात बनलेला कॅमेरा बाजारात यायला १९२६ उजाडलं. तो झाइस कंपनीचा.

खरी कलाटणी मिळाली ती १९५९ मध्ये, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला, आणि तीही हॅरोल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अॅल्विस या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातून. फ्लुरोसिन हा रंग दंडाच्या शिरेतून दिला की काही सेकंदांत पडद्यापर्यंत पोचतो, आणि निळ्या उजेडात हिरवट-पिवळा चमकतो. प्रयोग कुणावर करायचा यासाठी दोघांनी नाणं उडवलं. अॅल्विस हरले, म्हणून पहिले फोटो त्यांच्या डोळ्याचे. नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकानं लेख परत पाठवला, तेव्हा तो १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला. आता रक्तवाहिनी कुठे आहे एवढंच नाही, तर ती कुठे गळते आणि कुठे बंद पडली, हेही दिसू लागलं. मधुमेहात नेमकं हेच घडतं: केशवाहिन्यांना बारीक फुगे येतात, त्यांतून पाणी झिरपून पडद्याला सूज येते; रक्त पोचत नाही तिथे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात.

तरी प्रत्येक डॉक्टरचा ‘सौम्य’ वेगळा आणि ‘तीव्र’ वेगळा. १९६८ मध्ये व्हर्जिनियातल्या एअर्ली हाउसला तज्ज्ञ जमले आणि नमुन्याच्या फोटोंशी ताडून आजाराची प्रत (किती सौम्य, किती तीव्र) ठरवायची पद्धत निघाली. पुढे तीच सुधारून एका डोळ्याच्या सात ठरलेल्या भागांचे जोडफोटो, म्हणजे चौदा चित्रं, हा मापदंड झाला. मला हा टप्पा कॅमेऱ्याइतकाच मोलाचा वाटतो. लेसरच्या उपचारानं मधुमेही रुग्णाची नजर वाचते हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १९७६ मध्ये दिसलं, तेही असं काटेकोर मोजमाप हाताशी होतं म्हणून.

फोटोवरून हा आजार ओळखायला संगणकाला शिकवायचं, तर त्यालाही असेच प्रत लावलेले फोटो लागतात. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रणालीसाठी सव्वा लाखाहून अधिक चित्रं वापरली. त्यांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातली आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातलीही होती. आपल्या नांदेडचाही यात वाटा आहे. तिथल्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेल्या ५१६ फोटोंचा संच २०१८ मध्ये जगभरच्या संशोधकांसाठी खुला झाला. त्यातल्या ८१ चित्रांवर फुगे, रक्तस्राव, पिवळे साके यांच्या कडा अगदी बिंदूबिंदूनं आखलेल्या आहेत.

मधल्या काळात, १९९१ पासून, ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) हे तंत्र आलं. प्रकाशाच्या परावर्तनावरून ते पडद्याचे थर दाखवतं. त्याचाच पुढचा प्रकार, ओसीटी अँजिओग्राफी, इंजेक्शनशिवाय वाहतं रक्त टिपतो: एकाच जागेची लागोपाठ चित्रं घ्यायची, त्यांत जे हललं ते रक्त. पण गळती त्याला दिसत नाही. म्हणून तो पिवळा रंग अजून सुटलेला नाही, आणि तपासणीनंतर काही तास कातडी पिवळी दिसली तर घाबरू नका असं रुग्णाला आजही आधीच सांगावं लागतं.