अलिबाग : आंग्र्यांच्या राजधानीची पायी फेरी

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले अलिबाग एके काळी आंग्र्यांची राजधानी होते. कुलाबा किल्ला, हिराकोट, छत्रीबाग, चुंबकीय वेधशाळा आणि इस्राएल आळी ही इथली जुनी ठिकाणे चालत पाहण्यासारखी आहेत. यांतला कुलाबा किल्ला समुद्रात असला तरी ओहोटीला तिथेही पायी जाता येते. केव्हा जायचे ते मात्र समुद्र ठरवतो, म्हणून अलिबाग पायी पाहायला निघणाऱ्याने आधी पंचांग उघडावे.

कोकणपट्टीवर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. पंधरवडा बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे किल्ल्यापर्यंतची वाट पुरती उघडी पडेल याची खात्री नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत दूर जाते, मात्र पहाटे पाच-सहाच्या आसपास, आणि परततेही तितक्याच वेगाने. या सगळ्यांत चतुर्थी सोयीची. किल्ल्यातले मुख्य दैवत गणपती आहे, त्यामुळे दर्शन आणि ओहोटी एकाच सकाळी जुळून येतात. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारावे. पाण्याची चाल त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असते. पावसाळ्यात हा बेत करू नये.

ओहोटीत उघडी पडणारी वाट सुरुवातीला घट्ट वाळूची आहे. लाटांनी उठवलेल्या वळ्या तळपायाला जाणवतात, मध्येच घोट्याएवढे पाणी लागते. किल्ला जवळ आला की खडक सुरू होतो आणि त्यावर कालवे असतात. त्यांच्या शिंपल्यांची धार पात्यासारखी असते, तेव्हा चपला हातात घेऊन निघालेल्यांनी इथे त्या पुन्हा पायात घालाव्यात.

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या काळात १६८१ मध्ये ते पुरे झाले. तटाला १७ बुरूज आहेत. या किल्ल्यात सर्वांत आधी तटाच्या पायाशी थांबावे. मोठमोठे चिरे एकावर एक रचले आहेत आणि सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते त्याच फटींतून परत येते. तीनशेहून अधिक पावसाळे हा तट असा उभा आहे. घोडागाडीतून थेट दरवाजाशी उतरणाऱ्याच्या नजरेतून हे निसटते. फटीतून पाणी ओघळताना पाहायचे तर तटाच्या कडेने चालावे लागते.

महादरवाजावर पशुपक्ष्यांची शिल्पे आहेत. आत आंग्र्यांच्या वाड्याचे अवशेष, गोड्या पाण्याची पुष्करणी आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. चारी बाजूंनी खारे पाणी असताना मध्ये गोडे पाणी टिकले, म्हणूनच या बेटावर राजधानी नांदू शकली. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव कोरलेले आहे. शेजारच्या सर्जेकोट या छोट्या किल्ल्याकडे जाणारा दगडी जोडरस्ताही ओहोटीतच चालण्याजोगा असतो. हवा स्वच्छ असेल तर तटावरून उत्तरेला खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग दिसतात.

सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांचे मुख्य ठाणे हेच. १७२१ मध्ये मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली. आंग्र्यांच्या मदतीला बाजीरावांची फौज आली आणि ती चढाई फसली. कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढे मुलांमध्ये तंटे लागून दौलतीचे दोन भाग झाले आणि कुलाब्याची गादी मानाजींकडे राहिली. १८४० मध्ये कंपनी सरकारने हे संस्थान खालसा केले. जिल्ह्याचे नावही पूर्वी कुलाबाच होते. ते १९८१ मध्ये रायगड झाले.

गावातला हिराकोट कान्होजींनी १७२० च्या सुमारास बांधला. इंग्रजी अमलात त्याचा तुरुंग झाला आणि आजही तिथे कारागृह आहे, त्यामुळे तट बाहेरूनच पाहावा लागतो. शेजारी हिराकोट तलाव आहे. पाण्यातल्या किल्ल्याचे चिरे पाहून आलेल्याने इथलेही चिरे निरखावेत. एकाच घराण्याने समुद्रासाठी आणि जमिनीसाठी कसे बांधले, ते एका सकाळीत समोरासमोर ठेवता येते. छत्रीबागेत आंग्रे घराण्याच्या समाध्या आहेत. कान्होजींची समाधी तिथलीच.

किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा नंतरच्या काळातली. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने ही मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ती अलिबागला आणली. इमारतीसाठी चुंबकावर परिणाम न करणारा पोरबंदरी दगड वापरला. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली गेली. ही जगातल्या सर्वांत लांब अखंड चुंबकीय नोंदींपैकी एक आहे.

फेरी इस्राएल आळीत संपवावी. बेने इस्राएली ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यातल्याच अली नावाच्या बागायतदारावरून गावाला अलिबाग नाव पडले असे सांगतात. इस्राएल स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. त्यांचे प्रार्थनामंदिर, मागेन अबोथ, आळीत उभे आहे.