जहाल मिरच्यांची प्रादेशिक नावे

अतिशय तिखट मिरच्यांना निरनिराळ्या प्रदेशांत पडलेली नावे. त्यांतली फार थोडी तिखटपणावरून पडली आहेत. बहुतेक नावांमागे फळाचा आकार असतो, किंवा ही मिरची कोठून आली याविषयीचा लोकसमज. समजावरून पडलेली नावे अधिक रंजक, कारण ती अनेकदा चुकीची आहेत.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक तिला ‘अही’ म्हणत, तर मेक्सिकोतले नाहुआत्ल भाषक ‘चिल्ली’. (चिली या देशाच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही.) सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती भारतात उतरली, तेव्हा येथे तिखटासाठी मिरी आणि पिंपळी होतीच. त्यामुळे जुनीच नावे नव्या फळाला चिकटली. मराठी ‘मिरची’ हा शब्द मिरीच्याच कुळातला. तमिळ ‘मिळगाय्’ म्हणजे ‘मिळगु’ अधिक ‘काय्’, अर्थात मिऱ्याचे फळ. पिंपळीच्या नावाने तर समुद्र ओलांडला. संस्कृत ‘पिप्पली’ फारसीत ‘पिलपिल’, अरबीत ‘फिल्फिल’ आणि स्वाहिलीत ‘पिलीपिली’ झाली. आफ्रिकेतल्या बारीक, झणझणीत मिरचीचे ‘पिरीपिरी’ हे जगप्रसिद्ध नाव त्याच घराण्यातले. म्हणजे वनस्पती अमेरिकेची, नाव भारतीय, आणि तेही दुसऱ्याच वनस्पतीचे.

पाहुणी कोणत्या वाटेने आली हे सांगताना प्रत्येक प्रदेशाने शेजाऱ्याकडे बोट दाखवले. बंगालीत मिरचीला ‘लंका’ म्हणतात. ती लंकेहून आली असा त्यामागचा समज. खुद्द श्रीलंकेत एका आखूड, जहाल मिरचीला ‘कोच्चि मिरिस’ म्हणतात आणि ते नाव केरळातल्या कोच्चीशी जोडले जाते. केरळात चौकशी करावी, तर मल्याळममध्ये मिरचीचे एक नाव ‘कप्पल मुळगु’ आहे, म्हणजे जहाजावरून आलेली मिरी. या साखळीत खरे बोलणारे तेवढे शेवटचेच नाव. नेपाळी ‘खुर्सानी’ हा शब्दही इराणकडच्या खोरासानशी जोडतात. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडची गोल, लाल ‘डल्ले खुर्सानी’ त्यातलीच; ‘डल्ले’ म्हणजे गोलसर.

शास्त्रज्ञही या बाबतीत मागे राहिले नाहीत. जगातल्या सर्वांत तिखट मिरच्या ज्या जातीत मोडतात, तिला निकोलाउस योझेफ फॉन जाकँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये ‘कॅप्सिकम चायनेन्स’, म्हणजे चीनची मिरची, असे नाव दिले. ही जात दक्षिण अमेरिकेतली. चूक उघडकीस आली, पण वनस्पतींच्या नामकरणात आधी दिलेल्या नावाला मान असतो, म्हणून नाव कायम राहिले. याच जातीतली ‘हाबानेरो’ म्हणजे हवानाची. प्रत्यक्षात ती क्यूबापेक्षा मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाची ओळख आहे.

आकारावरून पडलेली नावे त्या मानाने प्रामाणिक असतात. जमैकाची ‘स्कॉच बॉनेट’ चपट्या, चुणीदार स्कॉटिश टोपीसारखी दिसते. मराठीतली ‘लवंगी’ लवंगेसारखी बारीक. बंगालची ‘धानी लंका’ आणि मलय भाषेतली ‘चिली पाडी’ या दोन्ही भाताच्या दाण्यावरून आलेल्या. थाई लोकांनी भीडभाड ठेवली नाही. त्यांच्या ‘फ्रिक खी नू’चा सरळ अर्थ उंदराच्या लेंडीएवढी मिरची. फिलिपीन्समधल्या ‘सिलिंग लाबुयो’ या नावातला ‘लाबुयो’ म्हणजे रानकोंबडा. रानमिरच्यांच्या नावांत पक्षी येतो तो उगाच नव्हे. मिरचीतल्या कॅप्सायसिन या तिखट द्रव्याचा दाह पक्ष्यांना जाणवत नाही. ते फळे खातात आणि बिया दूरवर पेरतात.

नावावरून सर्वाधिक घोळ झाला तो ईशान्य भारतातल्या ‘भोट जोलोकिया’चा. असमियात ‘जोलोकिया’ म्हणजे मिरची. ‘भोट’ हा शब्द सामान्यतः भूतानशी आणि डोंगरातून मैदानात येणाऱ्या भोटिया लोकांशी जोडला जातो; म्हणजे हेही शेजाऱ्याकडे बोट दाखवणारे नाव. असमिया उच्चारात ‘ओ’ हा ‘उ’कडे झुकतो. त्यामुळे रोमन लिपीत ‘भुट’ लिहिले गेले, वाचणाऱ्यांनी त्याचे ‘भूत’ केले आणि इंग्रजीत ‘घोस्ट पेपर’ जन्माला आली. भुताची गोष्ट खपायला सोपी, म्हणून तीच पसरली. खरे तर धास्ती दाखवणारे नाव असमियात वेगळे आहे : ‘बिह जोलोकिया’, म्हणजे विषमिरची. नागालँडमध्ये हीच ‘राजा मिरचा’ किंवा ‘नागा मिरचा’ (या नावाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), तर मणिपुरात ‘उ-मोरोक’, म्हणजे झाडमिरची. ‘नागा’ हा उल्लेख लोकसमूहाचा आहे, सापाचा नव्हे. नाग खरोखर आहे तो श्रीलंकेच्या ‘नयि मिरिस’मध्ये.

२००० मध्ये आसामातल्या तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने भोट जोलोकियाचा तिखटपणा ८,५५,००० स्कोव्हिल एकके (तिखटपणा मोजण्याचे माप) असल्याचे जाहीर केले. २००७ मध्ये १०,०१,३०४ एककांसह जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची गिनेस विक्रमांत नोंद झाली. त्यानंतर नाव ठेवण्याची रीतच बदलली. त्रिनिदादच्या जुन्या ‘सेव्हन पॉट’चे नाव स्वयंपाकघरातले होते : एक मिरची सात भांडी रश्श्याला पुरते. त्याच बेटावरच्या ‘मोरुगा स्कॉर्पियन’मध्ये मोरुगा हा तिथला भाग आणि विंचू म्हणजे फळाची नांगीसारखी शेपटी, म्हणजे गाव आणि आकार दोन्ही टिकले. २०१३ मध्ये विक्रम करणाऱ्या ‘कॅरोलायना रीपर’मध्ये अमेरिकेतले राज्य आहे, पण ‘रीपर’ हा विळा घेतलेला मृत्यू आहे आणि तो ग्राहकाला घाबरवण्यासाठीच आहे. तिच्याच उत्पादकाच्या, २०२३ मध्ये २६,९३,००० एककांची नोंद झालेल्या मिरचीचे नाव नुसते ‘पेपर एक्स’ आहे.