खेळाडू, नोकर आणि बॅरिस्टर : पार्श्वभूमी

लंडनच्या चेंबर्समधल्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कचेऱ्यांमधल्या, बऱ्याच बॅरिस्टरांच्या नावापुढे 'रोजगार' आणि 'क्रीडा' असे दोन विषय शेजारी शेजारी लिहिलेले असतात. आपल्याकडे कामगार कोर्टातला वकील आणि क्रिकेट मंडळाचा वकील सहसा एक नसतो, म्हणून ही जोडी विचित्र वाटते. तिकडे ती एका जुन्या वादातून जुळली आहे : मैदानावर घाम गाळणारा माणूस कायद्याच्या लेखी काम करतो की नुसता खेळतो?

या वादाचा पहिला टप्पा सोपा गेला. १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली लंडनच्या एका फुटबॉलपटूने दुखापतीची भरपाई मागितली. फुटबॉल हा खेळ आहे, काम नव्हे, हा क्लबचा बचाव अपील न्यायालयात टिकला नाही. पगार घेऊन, क्लब सांगेल तसा सराव करणारा माणूस नोकरच ठरला. १९६३ मध्ये, करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धत न्यूकॅसलच्या एका खेळाडूने हायकोर्टात मोडून काढली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खासगी मालिकेसाठी करार केलेल्या क्रिकेटपटूंवरची बंदीही तशीच कोर्टात टिकली नाही. दोन्हीकडे आधार एकच : पोट भरण्याच्या धंद्यावर अवाजवी बंधन नको. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ याबाबतीत इंग्लंडपेक्षाही कडक आहे. श्रीरामपूरच्या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला आपल्या जुन्या व्यवस्थापन कंपनीविरुद्ध २००६ मध्ये तेच कामी आले.

इंग्लंडमधल्या रोजगार कायद्याच्या वकिलांचे दिवस पालटले ते २८ फेब्रुवारी १९७२ पासून. अन्यायाने कामावरून काढल्याची दाद मागण्याचा हक्क त्या दिवशी अमलात आला. फुटबॉलमधल्या मोठ्या रकमांचे तंटे मात्र बंद दाराआडच्या लवादाकडे गेले. न्यूकॅसलच्याच एका प्रशिक्षकाला यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहायला सांगून, त्याच्या मर्जीविरुद्ध एक खेळाडू गळ्यात बांधला गेला. त्याने राजीनामा दिला. राजीनामा दिसत असला तरी ही क्लबनेच केलेली हकालपट्टी आहे, असे लवादाने २००९ मध्ये ठरवले आणि त्याला २० लाख पौंड देवविले. ही भाषा थेट नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या रोजगार न्यायाधिकरणातली.

खरी गुंतागुंत ऑलिंपिकच्या खेळाडूंची. ब्रिटनच्या संघातल्या एका सायकलपटूला २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, सरावाच्या कार्यक्रमातून वगळले गेले. आपण सायकलिंग संघटनेच्या नोकर आहोत, निदान 'वर्कर' तरी आहोत, असा तिचा दावा होता. हा 'वर्कर' म्हणजे आपला कामगार नव्हे. १९९६ च्या कायद्याने नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मधोमध घातलेली ती पायरी आहे. तिथे किमान वेतन मिळते, पगारी रजा मिळते. पण अन्यायाने काढल्याची दाद मागता येत नाही. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या न्यायाधिकरणाने तिला दोन्ही नाकारले. तिला सार्वजनिक निधीतून मिळणारे पैसे पगार नसून विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसारखे आहेत, आणि ती सराव करते तो स्वतःच्या यशाच्या आशेने, असे त्यांचे म्हणणे. जुलै २०२० मध्ये अपिलातही तेच कायम राहिले. सराव कुठे नि कसा करायचा हे दुसऱ्याने ठरवायचे, पदक देशाच्या खात्यावर मांडायचे, आणि हिशेबाच्या वेळी 'तू विद्यार्थिनी' म्हणायचे, हे पटणे कठीण आहे. सातच महिन्यांनी टॅक्सीचालकांच्या गाजलेल्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आधी कराराचा कागद नव्हे, कायद्याचा हेतू पाहा. तो निकाल आधी आला असता तर सायकलपटूच्या वकिलांना निदान 'वर्कर'पुरता चांगला आधार मिळाला असता.

यातली मेख अशी, की 'तू स्वतःसाठी शिकतेस' हा युक्तिवाद बॅरिस्टरांच्या ओळखीचा होता. बॅरिस्टर म्हणून स्वतंत्रपणे काम करण्याआधी वर्षभर उमेदवारी करावी लागते, आणि ती पूर्वी अनेकदा बिनपगारी असे. एका उमेदवार तरुणीने किमान वेतन मागितले. हायकोर्टात ती जिंकली. २००० साली अपील न्यायालयाने निकाल फिरवला. करार आहे हे मान्य, पण उमेदवार शिकतो तो स्वतःसाठी, चेंबर्सचे काम करायला तो बांधलेला नाही, म्हणून वेतन नाही. सायकलपटूला मिळालेले उत्तर आणि हे उत्तर सख्खी भावंडे वाटतात. उमेदवारांना पुढे किमान रक्कम मिळू लागली, पण ती व्यवसायाने स्वतः केलेल्या नियमामुळे, सुरुवातीला वर्षाला १०,००० पौंड. आणि 'हा नोकर की स्वतंत्र व्यावसायिक' यावर दिवसभर वाद घालणारे बहुतेक बॅरिस्टर स्वतः स्वतंत्र व्यावसायिकच असतात, त्यांना पगारी रजा नसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये हाच प्रश्न कराच्या खटल्यातून परत आला, तोही फुटबॉलच्या अर्धवेळ पंचांबाबत. शनिवार-रविवारच्या सामन्यापुरता झालेला करारही नोकरीचा असू शकतो, त्यासाठी लागणारे परस्पर बंधन (एकाने काम करायचे, दुसऱ्याने मोबदला द्यायचा) आणि नियंत्रण तिथे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र ते पंच प्रत्यक्षात नोकर होते का, हे ठरवायला प्रकरण पुन्हा खालच्या कर न्यायाधिकरणाकडे पाठवले.