रास्टर की व्हेक्टर: आमच्या बॅनरवरचा साबुदाणा

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना गॅदरिंगचा बॅनर माझ्या गळ्यात पडला. कारण एवढंच, की वर्गात कॅमेरा माझ्याकडे होता. कॅमेरावाल्याला डिझाइनही येतं, हे आपल्याकडे गृहीतच असतं.

फ्लेक्स दहा फुटी. सहा फुटांत मी काढलेला इमारतीचा फोटो, उरलेल्या चार फुटांत क्लबचा लोगो. फोटो झकास आला. लोगो पार फुटला, कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

हिशोब नंतर मांडला. फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० पिक्सेल (रंगाचे बारके चौकोन) रुंद. सहा फुटांवर पसरला तरी एकेक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून लहान. लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, जेमतेम ३०० पिक्सेलचा. चार फुटांवर ताणल्यावर प्रत्येक पिक्सेल झाला चार मिलिमीटरचा चौकोन. साबुदाणाच.

फोटो ही रास्टर फाइल. आडव्या-उभ्या रांगांत बसवलेले रंगाचे चौकोन, बस. कॅमेऱ्याचा सेन्सरच मुळी तशा जाळीचा असतो, त्यामुळे फोटो जन्मतःच रास्टर. मोठा केला की चौकोन मोठे होतात. नवा तपशील कुठून येणार?

व्हेक्टर फाइलमध्ये चित्र नसतंच, चित्र काढायची कृती असते: इथे केंद्र, एवढी त्रिज्या, आत भगवा रंग. व्हिजिटिंग कार्ड असो की होर्डिंग, संगणक त्या मापाला ते वर्तुळ नव्याने काढतो.

समजावताना लोक रांगोळीचा दाखला देतात आणि नेमका उलटा देतात. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे रास्टर, असं सांगतात. अहो, ती तर व्हेक्टर! १५ ठिपके, १५ ओळी, कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा ते ठरलेलं. ठिपक्यांमधलं अंतर वाढवा, तीच रांगोळी अंगणभर होते. रास्टर म्हणजे प्रदर्शनातली व्यक्तिचित्राची रांगोळी, जिथे गालावरची सावली चिमटीचिमटीने भरलेली असते.

आणि वळणदार रेषा? त्या आमच्याच खात्यातून आल्या, हे कळल्यावर मी चाट पडलो. मोटारीचा पत्रा आकड्यांत कसा मांडायचा, यावर सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९५०-६०च्या दशकांत काम केलं. आज कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, धरून आपण ओढतो ती बेझिए वक्ररेषाच. कॅडमध्ये, म्हणजे यंत्रांची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिवसभर रेषा मारणारा मी, लोगोच्या वेळी मात्र जेपीजी ताणत बसलो.

खरा घोळ फाइलच्या नावात होतो. जेपीजी, पीएनजी नेहमी रास्टर, हे सोपं. पण सीडीआर (कोरलची स्वतःची फाइल) किंवा पीडीएफ म्हणजे व्हेक्टर, असं नाही; त्या नुसत्या पिशव्या आहेत. कोरलमध्ये जेपीजी टाकून सीडीआर म्हणून सेव्ह केलं, तरी आत जेपीजीच राहतो. ओळखायचं कसं? झूम करत जा. कड शेवटपर्यंत धारदार राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसल्या तर रास्टर. ट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून कडा गिरवून घेऊन, रास्टरचं व्हेक्टर करता येतं. साध्या लोगोला ते चालून जातं, चेहऱ्याच्या फोटोला केलंत तर रंगीत नकाशा हातात येतो.

पुढच्या वर्षी फ्लेक्सवाल्या काकांनी आधीच बजावलं, "फोटो जेपीजीत दे, लोगो मूळ फाइलमधून, आणि अक्षरं कर्व्ह करून आण." कर्व्ह केलं की अक्षराचा फॉन्टशी संबंध तुटतो, नुसता आकार उरतो. दुकानातल्या संगणकात तो मराठी फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं मोडत नाहीत. पण मग ते अक्षर टाइप करून सुधारताही येत नाही, म्हणून न कर्व्ह केलेली प्रत वेगळी ठेवायची. मी ती ठेवली नव्हती. त्या वर्षी लोगो अगदी सुरीसारखा धारदार आला, आणि खाली तितक्याच धारदार अक्षरांत 'स्नेहसमेलन'.